संस्थान, छापखाना आणि वाचक



या व्याख्यानाचे निमंत्रण घेऊन शाळेची मंडळी माझ्याकडे आली, तेव्हा विषय साहित्याचाच असणार, असे त्यांनी गृहीत धरले होते. आयुष्यभर मी मराठी शिकवले आणि माळव्यातील मराठी वाङ्मय हाच माझ्या पीएच. डी.च्या प्रबंधाचा विषय होता. तेव्हा त्यांचा समज स्वाभाविक होता. परंतु त्या प्रबंधात एक उणीव राहून गेली आहे. धार आणि देवास येथील पवारांच्या दरबारांनी मराठीला काय दिले, याचा हिशेब मी त्यात मोठ्या आस्थेने मांडला. धारचे शिक्षणाधिकारी काशीनाथ कृष्ण लेले यांनी १९०३ मध्ये ‘पारिजातमंजरी’ नाटिकेचा शिलालेख उजेडात आणला, ही हकीकत मी कितीतरी वर्गांना सांगितली असेल. राजाश्रयाच्या छायेत काय लिहिले गेले, हे मी मोजले. त्याच छायेत काय छापता येत नव्हते, हा प्रश्न मला सुचलाच नाही. वास्तविक तो माझ्याच घरात, आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत, एका पिवळ्या कात्रणाच्या रूपाने पडून होता.

माझे आजोबा माळव्यातील एका संस्थानात कारकून होते. कोणत्या, ते सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. साल १९२० नंतरच्या दशकातील. ऐन गव्हाच्या कापणीत दरबारी शिकारीच्या हाक्यासाठी गावोगावची माणसे आणि गाड्या वेठीला धरल्या गेल्या. आजोबांनी त्यासंबंधी एक छोटे पत्र लिहिले, महूच्या छावणीत जाऊन तेथील पोस्टात टाकले आणि ते पुण्याच्या एका साप्ताहिकात ‘एक शेतकरी’ या सहीने छापून आले. पत्रात ना राजाची निंदा होती, ना बंडाची भाषा. एका गावाहून सत्तावीस माणसे आणि चौदा गाड्या नेल्या, मजुरी मिळाली नाही, शेतातले पीक शेतात राहिले, इतकाच मजकूर. घात केला तो त्या आकड्यांनी. ते आकडे एकाच दप्तरात होते आणि ते दप्तर आजोबांकडे नव्हते. शेजारच्या गादीवर बसणाऱ्या दुसऱ्या एका कारकुनाकडे होते. चौकशी झाली आणि त्या गृहस्थाची दूरच्या परगण्यात बदली झाली. त्याने काही लिहिले नव्हते. आजोबा गप्प राहिले. त्यानंतर त्यांनी वृत्तपत्राला एक ओळही लिहिली नाही. वडिलांनाही त्यांनी एवढेच बजावले, की कागदावर आकडा मांडताना तो कोणाच्या दप्तरातला आहे, हे आधी पाहावे.

आज रेडिओ, दूरदर्शन, इंटरनेट यांच्या नियमनाविषयी वर्तमानपत्रांतून पुष्कळ चर्चा चालते. नियमन कोणी करावे, लोकहित म्हणजे कोणाचे हित, लोकांच्या वतीने बोलावे कोणी, हे प्रश्न नवे आहेत असे वाटते. माळव्याच्या मातीत ते शंभर वर्षांपूर्वी विचारले गेले होते, आणि त्यांची कथा धारपासूनच सुरू होते.

१८५७ च्या धामधुमीत धारच्या गादीवर अल्पवयीन आनंदराव पवार होते. दरबारच्या पदरी असलेल्या अरब आणि विलायती शिपायांनी किल्ला ताब्यात घेतला. ऑक्टोबर महिन्यात कर्नल ड्युरँडच्या फौजेने वेढा घातला. शिबंदी रात्रीतून निसटून गेली, आणि शिक्षा झाली ती गादीला. संस्थान जप्त झाले. १८६० मध्ये बेरसिया परगणा वगळून ते परत देण्यात आले, पण तो परगणा भोपाळच्या बेगमेला मिळाला आणि धारचा कारभार प्रत्यक्षात दरबाराच्या हाती येण्यास आणखी काळ लागला. या दिरंगाईविरुद्ध ज्याने आवाज उठवला, तो कोणी सरदार वा वकील नव्हता. जॉन डिकिन्सन नावाचा लंडनमधला एक गृहस्थ, इंग्लंडातील प्रसिद्ध कागद-कारखानदाराचा मुलगा. त्याने १८५३ मध्ये ‘इंडिया रिफॉर्म सोसायटी’ नावाची संस्था उभी केली होती. १८६४ मध्ये त्याने धारच्या प्रश्नावर एक पुस्तिका छापली. पार्लमेंट आणि लोकमत या दोहोंना डावलून धार परत मिळालेले नाही, ही तक्रार पुस्तिकेच्या मथळ्यातच होती. ज्याने धार कधी पाहिले असेल-नसेल, अशा माणसाने धारसाठी छापखान्याचा आधार घेतला. वाटेल ते छापण्याची मुभा लंडनमध्ये होती, म्हणूनच हे होऊ शकले.

हा मार्ग मराठी माणसाला अपरिचित नव्हता. साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज पदच्युत झाल्यावर रंगो बापूजी लंडनला गेले, १८५३ पर्यंत तेथे राहिले आणि अर्ज, निवेदने, छापील पुस्तिका यांच्या बळावर एकाकी लढले. कोल्हापूरच्या प्रकरणात तर किंमत मोजली ती संपादकांनी. तेथील तरुण छत्रपतींचा छळ होत असल्याचा मजकूर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी प्रसिद्ध केला. कारभारी बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली, आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढावे लागले. आधाराला घेतलेली पत्रे बनावट ठरली, हे खरे. पण त्या दोघांच्या मनात होते ते राजाचे रक्षण. राजासाठी वृत्तपत्र तुरुंगात गेले, ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढच्या चाळीस वर्षांत पारडे पार उलटले.

१९१० च्या प्रेस ॲक्टने छापखान्यांकडून जामीन मागण्याचे अधिकार सरकारला दिले. त्याच कायद्यात संस्थानिकांविरुद्ध द्वेष पसरविणाऱ्या मजकुराचीही तरतूद होती. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर हवा बदलली. १९२१ मध्ये तेज बहादुर सप्रू यांच्या अध्यक्षतेखालील समितीने प्रेस ॲक्ट रद्द करावा, अशी शिफारस केली. संस्थानिकांना वेगळे संरक्षण देण्याची खरी गरजही समितीला पटली नाही. इकडे ८ फेब्रुवारी १९२१ रोजी दिल्लीत नरेंद्रमंडळाची स्थापना झाली होती. जुना कायदा गेल्यास ब्रिटिश मुलखातील पत्रे आपल्यावर तुटून पडतील, ही संस्थानिकांची धास्ती होती.

या धास्तीला अजिबात आधार नव्हता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राजवाड्यातील भानगडी छापण्याची धमकी देऊन पैसे उकळणारी पत्रे त्या काळी होती, आणि आज पैसे घेऊन मौन पाळणारी पत्रे नाहीत, असेही कोणी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. परंतु खंडणीखोराला शिक्षा करण्यासाठी साध्या फौजदारी कायद्यात कलमे होतीच. नव्या कायद्याने गुन्हा ठरवला तो खंडणी मागण्याचा नव्हे, तर संस्थानाविषयी ‘डिसॲफेक्शन’ निर्माण करण्याचा.

या शब्दापाशी भाषेच्या शिक्षकाने थोडे थांबणे भाग आहे. मराठीत त्याला ‘अप्रीती’ हा प्रतिशब्द रूढ झाला. १८९७ च्या टिळकांवरील खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला त्याचा अर्थ सांगितला तो प्रीतीचा अभाव असा. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात चूक काढता येणार नाही. नञ्-समास सोडवला की उत्तर तेच येते. मात्र कायदा म्हणून पाहिले, तर ते भयंकर आहे. प्रीती नसणे हा गुन्हा ठरला, तर मुकाट बसलेला मनुष्यही आरोपी होतो. संस्कृतात नञ्‌चे सहा अर्थ सांगतात. त्यांपैकी अभाव आणि विरोध यांत जे अंतर आहे, त्या अंतरावर किती माणसांची आयुष्ये टांगली गेली, हे व्याकरणाच्या पुस्तकात कोठेही नमूद नाही. माझ्या आजोबांच्या सत्तावीस माणसांच्या आणि चौदा गाड्यांच्या आकड्यांत अप्रीती होती काय? होती असे ठरवणाऱ्याला तेवढे दोन आकडे पुरे होते.

सप्टेंबर १९२२ मध्ये सरकारने संस्थानिकांच्या संरक्षणाचे विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात आणले. त्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. शिवाय असा मजकूर जप्त करण्याचे आणि टपालातच अडवून ठेवण्याचे अधिकारही होते. कायदेमंडळाने असे केले, जे त्या मंडळाच्या अल्प आयुष्यात अपूर्व होते : विधेयक मांडण्याची परवानगीच नाकारली. ज्या संस्थानी प्रजेचा एकही प्रतिनिधी त्या सभागृहात नव्हता, तिच्या वाचनाचा आणि लिहिण्याचा प्रश्न ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रतिनिधींनी आपला मानला. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपला खास अधिकार वापरून विधेयक हिंदुस्थानच्या हितासाठी आवश्यक असल्याचे प्रमाणित केले, राज्यमंडळाने ते संमत केले आणि त्याचा कायदा झाला. १९१९ च्या सुधारणांनी व्हाइसरॉयला दिलेला तो अधिकार प्रथम वापरला गेला, तो संस्थानिकांचे वर्तमानपत्रांपासून रक्षण करण्यासाठी. रीडिंग हे पूर्वी इंग्लंडचे सरन्यायाधीश होते. आपल्या देशात असा कायदा त्यांच्यापुढे निवाड्यास आला असता, तर त्यांनी काय केले असते, हे सांगण्यासाठी कायद्याचे पंडित असण्याची गरज नाही.

या कायद्यातील टपालाचे कलम मला सर्वांत मर्मभेदी वाटते. धारने १८९७ पासून काही वर्षे स्वतःची टपाल तिकिटे काढली होती. आमच्यापैकी कोणाच्या संग्रहात ती असतीलही. पण साम्राज्याची टपालसेवा आल्यावर बाहेरच्या जगाचा एकमेव झरोका म्हणजे पोस्टमनची पिशवी. संस्थानात राहून संस्थानावर लिहिण्याची सोय नव्हती, म्हणून पत्र बाहेर छापायचे आणि टपालाने आत पाठवायचे, असा रिवाज पडला. काठेवाडात अमृतलाल शेठ यांनी १९२१ मध्ये ‘सौराष्ट्र’ हे पत्र राणपूर येथून सुरू केले, ते याच हिशेबाने : राणपूर ब्रिटिश मुलखात होते आणि चहूकडे संस्थाने होती. आमची पुणे-मुंबईची पत्रे तीच भूमिका पार पाडीत. संपादकाला तुरुंगात घालणे खर्चाचे आणि बोभाट्याचे काम. पुडके पोस्टात अडवले, तर वाचकाला आपल्यापासून काय लपवले गेले, हेही कळत नाही. इंटरनेटच्या वाटेवर आज जे मध्यस्थ उभे आहेत, त्यांच्याकडून मजकूर काढून टाकविणाऱ्या नियमांचे मर्म समजून घेण्यासाठी मला या पोस्टाच्या पिशवीइतका दुसरा चांगला दृष्टांत सापडला नाही.

आता देवासकडे वळू. एका गावात दोन राज्ये, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन्ही मिळून नऊशे चौरस मैलांच्या आतबाहेर. थोरल्या पातीचे तुकोजीराव महाराज हे रसिक, भाविक, मोठ्या मनाचे गृहस्थ. इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे १९२१ मध्ये काही महिने त्यांचे खासगी चिटणीस होते. त्यांनी १९५३ मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात त्या दिवसांचे फार लोभस चित्र रेखाटले. गोकुळाष्टमीचा उत्सव, दरबारातील गोंधळ, अपुरा राहिलेला नवा राजवाडा, सारे त्यात आहे. मी ते पुस्तक तीनदा वाचले आहे आणि तिन्ही वेळा आनंदलो आहे. तथापि त्या अपुऱ्या राजवाड्याच्या भिंतींकडे पाहून करदात्या कुणब्याला काय वाटत होते, हे त्या पुस्तकात नाही, आणि ते दुसऱ्या कोणत्याही पुस्तकात यावे, अशी व्यवस्थाही नव्हती. खजिना रिता होत गेला, कर्ज वाढत गेले आणि १९३३ च्या अखेरीस महाराज देवास सोडून फ्रेंचांच्या पाँडिचेरीत जाऊन राहिले. तेथेच १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले. एका सहृदय राजाची ही शोकांतिका आहे, याबद्दल मला शंका नाही. पण हिशेब उघड्यावर मांडला गेला असता, वेळीच कोणी छापील शब्दांत सावध केले असते, तर ती टळलीही असती, असे माझे मत आहे. टीकेपासून संरक्षण मिळालेल्या राजाला आपल्या चुकांपासून संरक्षण मिळत नाही. नेमक्या त्याच सुमारास, १९३४ मध्ये, दिल्लीत दुसरा कायदा झाला आणि राजाबरोबर संस्थानच्या कारभारालाही वृत्तपत्रांपासून नव्याने कवच मिळाले!

प्रजेची बाजू मांडणारे कोणी नव्हतेच, असे नाही. पुण्यात १९२१ मध्ये दक्षिणी संस्थान हितवर्धक सभा सुरू झाली. डिसेंबर १९२७ मध्ये मुंबईत अखिल भारतीय संस्थानी प्रजा परिषदेचे पहिले अधिवेशन एलोरच्या रामचंद्र राव यांच्या अध्यक्षतेखाली भरले. सांगलीचे प्रा. गणेश रघुनाथ अभ्यंकर हे कायद्याचे अध्यापक. संस्थानी प्रजेच्या हक्कांचा त्यांच्याइतका चिकाटीने अभ्यास केलेली माणसे थोडीच असतील. १९२८ मध्ये ते शिष्टमंडळाबरोबर विलायतेस गेले. संस्थाने आणि सार्वभौम सत्ता यांच्या संबंधांचा विचार करण्यासाठी बटलर समिती बसली होती. तिने राजांचे म्हणणे बड्या वकिलांमार्फत ऐकले. प्रजेच्या शिष्टमंडळाची तोंडी साक्ष घेण्याचे नाकारले. साताऱ्याच्या रंगो बापूजींना राजासाठी जी दारे ठोठवावी लागली, तीच अभ्यंकरांनी प्रजेसाठी ठोठवली. दार उघडले नाही, हे दोघांच्या बाबतीत सारखेच.

मे १९४८ मध्ये धार आणि देवासच्या दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या. कायद्याला धनीच उरला नाही. परंतु नव्या राज्यात नव्या आकाशवाणीवर सत्ता सरकारचीच होती. माझ्या लहानपणी घरात रेडिओ ठेवायचा, तर पोस्टातून परवाना काढावा लागे, आणि परवाना काढून ऐकायचे काय, तेही मंत्री ठरवीत. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खाते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे होते; विद्वान, निःस्पृह, शास्त्रीय संगीताचे निष्ठावंत. चित्रपटगीते लोकांची अभिरुची बिघडवतात, म्हणून त्यांनी ती जवळजवळ बंद केली. लोक रेडिओ सिलोनकडे वळले. संस्थानी प्रजेने पुण्याचे पत्र मागवावे, तशी आमच्या गल्लीने कोलंबोची लहर शोधून काढली. १९५७ मध्ये विविधभारती सुरू करावी लागली, ती त्यामुळेच. याच काळात देवासच्या टेकडीखाली कुमार गंधर्व माळव्याची लोकगीते कान देऊन ऐकत होते. अभिरुची कोणत्या वाटेने वाढते, हे मंत्रालयापेक्षा त्यांना अधिक कळले होते, असे म्हणावेसे वाटते. केसकरांचा हेतू शुद्ध होता. शुद्ध हेतूने केलेल्या नियमनाचा प्रतिवाद करणे फार अवघड असते.

आणीबाणीच्या काळात मी नुकताच अध्यापक झालो होतो. त्या दिवसांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून एकच गोष्ट सांगतो. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या छोट्या मासिकाचा मजकूर सेन्सॉरने अडवला, तेव्हा फेब्रुवारी १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मादन आणि कनिया यांनी मासिकाच्या बाजूने निकाल दिला. सर्व पत्रांना एकाच वाऱ्याच्या दिशेने शिडे लावायला भाग पाडणे, हे सेन्सॉरचे काम नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. मासिकाचा खप किती, हा प्रश्न न्यायालयाने विचारला नाही.

९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाचा तो वाद, तसा किरकोळच. पण ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिचा विनियोग जनतेच्या हितासाठी सार्वजनिक संस्थेमार्फत व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. सरकारची मक्तेदारी नको, तशी धनिकांचीही नको, हा त्यातील गाभा. १९२२ च्या वादात राजा आणि संपादक असे दोनच पक्ष दिसत होते. येथे तिसरा पक्ष, म्हणजे ऐकणारा आणि पाहणारा, हा मूळ हक्कदार म्हणून पुढे आला.

इंटरनेटच्या बाबतीत हाच तिसरा पक्ष स्वतःच्या पायांवर उभा राहिला. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना मुंबई बंदसंबंधी फेसबुकवर लिहिलेल्या चार ओळींसाठी अटक झाली. त्यांच्यापैकी एकीने तर नुसती पसंती दर्शवली होती. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम रद्द झाले. उपद्रव, गैरसोय, असभ्यता हे त्यातील शब्द इतके ढिले होते, की त्यांत काहीही बसू शकले असते. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी यांत न्यायालयाने जो भेद केला, तो अप्रीतीच्या समासाला मिळालेले उत्तरच होय. तरीही रद्द झालेल्या कलमाखाली पोलीस ठाण्यांत गुन्हे नोंदवले जात होते, हे २०२१ मध्ये पुन्हा न्यायालयासमोर आले. मृत कायद्याचे भूत दप्तरात फार दिवस राहते, हे संस्थानी कारकुनाच्या नातवाला नवे नाही. २०२४ च्या सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने दुसरा एक नियम घटनाबाह्य ठरवला. सरकारविषयीचा कोणता मजकूर खोटा वा दिशाभूल करणारा, हे सरकारच्याच कक्षाने ठरवावे, असा तो नियम होता.

या सगळ्यांत माझ्या मनात घर करून राहिलेली घटना मात्र न्यायालयातली नाही. २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने इंटरनेटवरील सेवांना वेगवेगळे दर लावावेत काय, यावर जनतेची मते मागवली. दहा लाखांहून अधिक लोकांनी पत्रे पाठवली. सर्वांना सारखीच वाट खुली असावी, असे त्यांतील बहुसंख्यांचे म्हणणे होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये नियामकाने तसा नियम केला. लोकांच्या पत्रांनी धोरण बदलल्याची इतकी मोठी उदाहरणे आपल्याकडे थोडी. पण मधल्या काळात एक गोष्ट घडली. नियामकाने ती सारी पत्रे प्रसिद्ध केली, आणि त्यांबरोबर पाठवणाऱ्यांचे ई-मेल पत्तेही उघड झाले. ती बातमी वाचली, त्या रात्री मी आजोबांची पेटी पुन्हा उघडली.

कात्रण आता फार जीर्ण झाले आहे. घडीवर दोन ओळी पुसल्या आहेत, आकडे तेवढे वाचता येतात. आज ते मी शाळेच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करीत आहे. सोबत माझ्या हस्ताक्षरातील एक टिपण जोडले आहे. हे पत्र कोणी लिहिले, ते त्यात नाव घालून सांगितले आहे, आणि ज्यांची बदली झाली, त्या गृहस्थांचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता, हेही. त्यांचे नाव मी टिपणात लिहिलेले नाही. त्यांच्या वंशजांची इच्छा विचारल्यावाचून ते उघड करणे मला योग्य वाटले नाही. आपल्यापैकी कोणाच्या घरी त्या काळातील असे अर्ज, निनावी पत्रे वा परत आलेली पाकिटे असतील, तर ती ग्रंथपालांकडे द्यावीत. कपाटाचा एक खण त्यासाठी मोकळा ठेवल्याचे मुख्याध्यापकांनी मला कळवले आहे.